ओला दुपट्टा

कयाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायची ती निमुळती होडी, शिकायला येताना काय घालावं, हे शिकवणाऱ्यानं मला फोनवर नीट सांगितलं होतं. सुती नको, जीन्स तर नकोच. भिजली की जड होते आणि हिवाळ्यात वाळता वाळत नाही. लवकर वाळणारा पूर्ण बाह्यांचा शर्ट, तशीच पँट, मागून पट्टा असलेल्या चपला. "आणि तोंडाला काही बांधायचं नाही. तुमच्याकडे सगळे दुपट्टा बांधतात ना, तो गाडीत ठेवा." माणूस कोकणातला. मी हसलो. कपाशीच्या मुलखात सुती नको म्हणणारा पहिलाच भेटला होता.

त्याच संध्याकाळी अमरावतीच्या बाजारात जाऊन मी माझ्यापुरतं सगळं घेतलं. अकोल्याला बहिणीला फोन केला तेव्हा म्हणालो, "सुती ड्रेस घाल, चालते. अन् दुपट्टा राहू दे बांधलेला. पाण्यावर ऊन लागते."

हे मी विसरून बोललो नाही.

माझ्या धाकट्या बहिणीच्या चेहऱ्यावर कोड आहे. ओठांभोवती सुरू झालं, मग डोळ्यांपर्यंत गेलं. आमच्या वऱ्हाडात बाया डोळे सोडून सगळं तोंड बांधून गाडी चालवतात, बाजार करतात. कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही. तिला तो आडोसा आयताच मिळाला. खरं सांगायचं तर मलाही. कयाकचं खूळ तिचंच. "दादा, मले पोहाले येत नाही, पण पाण्यात बसाचं आहे," म्हणाली होती. तिला नाही म्हणणं जमलं नाही. पण माझ्या ऑफिसचे तिघे येणार होते, आणि त्यांच्यासमोर तिला उघड्या तोंडानं नेणंही जमलं नाही.

धरणावर पोचलो तेव्हा ऊन कुठंच नव्हतं. धुकं पाण्याला टेकलेलं. बुडालेल्या झाडांची खोडं बाहेर उभी, आणि त्यांच्या टोकांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले. एकही हलत नव्हता. काठावर कोणी बोललं की पलीकडून तोच शब्द जरा उशिरानं परत यायचा, आवाज मात्र दुसऱ्याच कोणाचा वाटायचा.

"साहेब, तुमी तं ऑलिम्पिकले निंगाले," ऑफिसातला एक म्हणाला, "अन् ताईले हळदीकुंकवाले आणलं काय?"

शिकवणारा तिला म्हणाला, "ताई, दुपट्टा काढा तो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "राहू द्या, सर्दी आहे तिला."

"मग निदान नाकाखाली घ्या."

तिनं घेतला. एकाच कयाकमध्ये ती पुढं, मी मागं. काठापासून दूर गेल्यावर तिचा कोपर वर झाला आणि दुपट्टा परत नाकावर गेला. मी मागून पाहिलं आणि गप्प राहिलो. पुढं फक्त एक बांधलेलं डोकं होतं. ते बोलेना, वळेना. मधेच मला वाटून गेलं, ही तीच आहे ना?

पाण्याखालच्या खोडाला कयाक घासली. बहीण दचकून एका अंगाला झुकली आणि आम्ही कलंडलो. आवाजसुद्धा झाला नाही.

लाइफ जॅकेटनं दोघांनाही वर आणलं. पण ओला दुपट्टा तिच्या नाकातोंडाला घट्ट चिकटला होता. ती श्वास ओढायची तसं कापड आत जायचं आणि त्यावर उघड्या तोंडाचा आकार उमटायचा. मग तोही मिटायचा. आवाज नाही. दोन्ही हातांनी कयाकची दोरी धरलेली, ती काही सोडवेना. डोळे माझ्यावर.

गाठ डोक्यामागं होती. माझा हात गाठीपर्यंत गेला आणि थांबला. मी मागं वळून पाहिलं, ऑफिसवाले किती जवळ आलेत ते.

जवळच होते.

दुसऱ्या बाजूनं शिकवणारा आला आणि एका हिसक्यात त्यानं कापड खाली ओढलं. तिनं जो श्वास घेतला, तो पलीकडच्या काठावरूनही कोणीतरी घेतला.

काठावर ती उघड्या तोंडानं, ओल्या सुती कपड्यांत कुडकुडत बसली. ज्यानं टोमणा मारला होता, त्यानंच स्वतःचं स्वेटर तिच्या खांद्यावर टाकलं. "घ्या ताई, चहा घ्या." कोणीही निरखून पाहिलं नाही. नंतर ऑफिसवाले म्हणाले, बाया ऐकतच नाहीत. मी ते खोडलं नाही.

गाडीत तिनं विचारलं, "तू मांगं काहून पाहत होता?"

"तुही चप्पल वाहून चालली होती," मी म्हणालो. चप्पल तिच्या पायात होती.

मागच्या महिन्यात अकोल्याला गेलो आणि एकदाचं सांगितलं. शिकवणाऱ्यानं फोनवर काय सांगितलं होतं ते, सर्दीचं ते, मागं वळून कोणाला पाहिलं ते. ती मेथी निवडत होती. तिचा हात थांबला नाही.

"एक श्वासभरच थांबलो असीन मी," मी म्हणालो.

"तुह्यावाला एक असन," ती म्हणाली. "माह्यावाला तं एकही झाला नाही, दादा."