काकांनी लावलेली कडी

हे मी घरातही कधी सांगितलं नाही. त्या दुपारी आजारी डुकराच्या कप्प्याची कडी मी काढली होती.

मार्गासनीजवळ थोरल्या भावाचं आणि माझं डुकरांचं शेड होतं. राखणीला पासली गावचे एक काका होते. एका डुकराचा पाय सुजला म्हणून त्यांनी ते पंधरा दिवस वेगळं ठेवलं. पायाची सूज उतरली, तरी काका त्याला परत बाकीच्यांत सोडू देईनात.

"त्याचीच भावंडं हायती की," मी म्हणालो.

"व्हती. आता त्याला औषिदाचा वास येतो. मुंबईस्नं पोरगं आलं तर घरचं कुत्रं भुकतंय, ही तर डुकरं." ते हसले. "सांजच्याला सगळ्यांना एकच करंजाचं तेल चोळू, पेंढा टाकू, मग सोडू. घाई नगं, मालक."

मला घाई होती. तो कप्पा नव्या पिलांना हवा होता. काका ओढ्यावर जेवायला गेले, तसं मी कडी काढून त्या डुकराला बाकीच्यांत हाकललं.

गलका होईल असं वाटलं होतं. झाला नाही. खाणं थांबलं. बाराच्या बारा डुकरांची तोंडं एकदम वळली. एकानं त्याचा कान हुंगला, मग मान. मग सगळी मिळून सरकली आणि त्याला कोपऱ्यात दाबलं. ते एकदाच ओरडलं. फळी घेऊन मधे शिरायला हवं होतं. मी कडी धरून बाहेरच राहिलो. थोड्या वेळानं ती बाजूला झाली, काही घडलंच नाही अशी खायला लागली. ते तोंड वासून धापा टाकत होतं, अंगावर जांभळे चट्टे. काका येईपर्यंत गेलं.

भाऊ आला. मी म्हणालो, "काकांची कडी लावायची राहिली असंल."

"म्या लावली व्हती," काका म्हणाले. भावानं उघडी कडी दाखवली. काका कडीकडे बघू लागले. "लावली व्हती... न्हाई का?" हे त्यांनी मलाच विचारलं. मी खाली बघितलं. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत.

पुढं मी शेडात पाऊल टाकलं की खाणं थांबायचं. भाऊ गेला तर नाही. बारा तोंडं माझ्याकडे, आवाज कसला नाही. शेड बंद होऊन बरीच वर्षं झाली. अजून जेवताना घरची सगळी एकदम गप्प झाली, की मी ताटावरून मान वर करत नाही.

गेल्या महिन्यात पासलीला काकांच्या घरी गेलो. काका चहा अर्धा टाकून उठले आणि दाराची कडी चाचपून आले.

"दिसातनं धा येळा," त्यांची सून हसत म्हणाली. "आबा, पळून गेली का वो कडी?"

काकाही हसले. मग मला म्हणाले, "तवापास्नं माझा माझ्यावरच भरवसा न्हाई, मालक. तुमचं जनावर माझ्यापायी गेलं."

मी चहा संपवला आणि निघालो.

कडी काकांनी लावली होती. हे त्यांना, त्यांच्या सुनेसमोर, सांगायचं देणं मी अजून लागतो.