दुधाची सतरंजी

लग्न होऊन सुरतेला आले तेव्हा माझ्या विश्वासाचा रुबाब मोठा होता. माहेर खानदेशातल्या एका मिशनच्या आवारातलं, वडील तिथे धर्मशिक्षक. बायबलमधली वचनं पाठ म्हणण्याच्या स्पर्धेत पहिला नंबर कायम माझा, आणि दुसऱ्या नंबरच्या मुलीची मला मनापासून कीव यायची. ख्रिस्ताला मानणारी आमच्या घराण्यातली मी तिसरी पिढी. आमच्याकडे हे असं सांगतात, जशी काही शेतीवाडीच सांगावी.

सासर सुरतेतल्याच नवागामला. नवरा कापडाच्या लूमवर कामाला. सासू-सासरेही खानदेशातूनच पोटासाठी सुरतेला आले आणि इथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला, म्हणजे घराण्यातले पहिलेच. सासरे माझ्या लग्नाआधी देवाघरी गेले होते. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. चारचौघांत त्या कधी प्रार्थना करत नसत, गीत चालू असताना नुसते ओठ हलवत. तेव्हा या घरात विश्वासाने मोठं कोण, याचा निकाल मी पहिल्याच आठवड्यात लावून टाकला होता. अर्थातच माझ्या बाजूने.

मंडळी, म्हणजे आमचं चर्च, बहुतेक सगळे खानदेशी कामगार, आमच्याच घरात भरायची. रविवारी नव्हे, आमच्या भागातले कारखाने ज्या दिवशी बंद असत त्या दिवशी. एरवी लूमच्या खडखडाटात शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागे. सुट्टीच्या दिवशी इतकं शांत असायचं, तरी सवयीने सगळे ओरडूनच बोलत. भक्ती झाली की तिथेच जेवण. आधी पुरुष आणि मुलं, मग बायका, आणि सगळ्यांत शेवटी घरची सून, चुलीजवळ एकटी, उरलंसुरलं घेऊन. यात जुलूम असा कुणाला वाटत नसे, मलाही नाही. पद्धतच ती.

बायकांची प्रार्थना लवकरच माझ्याकडे आली. मी अशी काही प्रार्थना करायचे की म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावत. जेवणाआधीचे आभारही मीच मानायचे.

आणि मग ते आटलं.

कसं ते मला आजही सांगता येत नाही. काही घडलं असतं तर बरं झालं असतं. मूल गेलं नव्हतं, नवऱ्याची नोकरी गेली नव्हती, आजारपण नव्हतं. पर्वत पाटिया भागातल्या एका व्यापाऱ्याकडून साड्या यायच्या, घरी बसून त्यांचे लोंबणारे धागे कापायचं काम मी करत होते, आणि एक दिवस कापता कापता लक्षात आलं, की मी कितीतरी दिवसांत देवाशी बोललेच नाही. त्या दिवशी मुद्दाम डोळे मिटून बसले. आत काहीच नाही. नळ सोडावा आणि नुसती हवा सुसकारावी तसं.

पंचाईत अशी, की लोकांसमोर माझी प्रार्थना पूर्वीसारखीच छान चालू होती. पाठांतर दांडगं. म्हाताऱ्या रडत होत्या आणि मी आतून कोरडी ठणठणीत. विश्वास म्हणजे शाळा, दरवर्षी वरच्या वर्गात जायचं, असंच मला माहीत होतं. खाली घसरतो त्याचं काय करतात हे कुणी शिकवलं नव्हतं. मला वाटायचं, हे कळलं तर मंडळी मला दारात उभं करणार नाही. सासूबाईंची मान खाली जाईल. आणि सगळ्यांत मोठी भीती ही, की देवानेच माझं नाव खोडलं असेल. त्या भीतीने मी वाळत चालले होते. ताटावर बसले तरी घास उतरत नसे.

अशात एक पाहुणे उपदेशक आले. शिकलेले, उत्साही, गोड माणूस. विषय होता विश्वासातली वाढ. तान्हं मूल दूध पितं, मोठा माणूस जड अन्न खातो, हा बायबलमधला दाखला घेऊन त्यांनी चार पायऱ्या सांगितल्या: दूध पिणारे, खिचडी खाणारे, भाकरी खाणारे आणि दुसऱ्यांना वाढणारे. इथवर ठीक होतं. पण त्यांना नुसतं सांगून समाधान नव्हतं. त्यांनी चार सतरंज्या अंथरायला लावल्या आणि म्हणाले, "आता प्रत्येकाने स्वतःला तपासा आणि आपापल्या जागी जाऊन बसा."

त्यांना बिचाऱ्यांना आमची माणसं माहीत नव्हती. खानदेशी माणूस लग्नाच्या पंगतीतही तीनदा हात धरून ओढल्याशिवाय पाटावर बसत नाही. तो स्वतःहून उठून "मी मोठा" म्हणत वरच्या सतरंजीवर जाणार? अख्खी मंडळी उठली आणि सरळ दुधाच्या सतरंजीवर जाऊन बसली. खांद्याला खांदा, मांडीवर मांडी. पांढऱ्या मिश्यांचे आमचे वडील, म्हणजे मंडळीचे कारभारी, तेही दूध पिणाऱ्यांत. बाकीच्या तीन सतरंज्या मोकळ्या.

उपदेशक आधी हसले, मग घाबरले. शेवटी लग्नघरातल्या यजमानासारखे आग्रहाला लागले. "अहो वडील, तुम्ही तरी उठा, भाकरीवर या."

"ना ना साहेब," वडील म्हणाले. सुरतेत हयात गेल्याने त्यांच्या बोलण्यात गुजराती मिसळलेली असे. "आपण तो आठेच बरोबर छे." म्हणजे आपण इथेच बरे.

मीही त्याच गर्दीत बसले होते आणि मनात म्हणत होते, सुटले. इतक्या जणांत मला कोण बघतंय! तेवढ्यात मागून एक बाई म्हणाली, "आपली सून वाढणाऱ्यांत बसंल की. प्रार्थना तीच घेते." झालं. सगळ्या माना माझ्याकडे. "ऊठ बाई, ऊठ," म्हणत दोघी-तिघींनी मला दंडाला धरून उभंच केलं.

समोर ती मोकळी सतरंजी. चार पावलं टाकली असती तर भागलं असतं. पण माझा स्वभाव तापट, आणि त्या क्षणी मला या सगळ्यांच्या नम्रपणाचाच संताप आला.

"मी नाही जाणार," मी म्हणाले. "तुम्ही लाजून इथे बसलात. मी खरंच इथली आहे. मला प्रार्थना येत नाही. म्हणते ते सगळं पाठ केलेलं आहे. आत काही नाही माझ्या. कधीपासून नाही."

लूम चालू असते तर निम्म्यांना ऐकूही गेलं नसतं. पण त्या दिवशी कारखाने बंद होते, आणि मी सवयीने ओरडून बोलले होते.

मी सासूबाईंकडे बघायला धजत नव्हते. त्या कुठल्याच सतरंजीवर नव्हत्या. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या, हात भाकरीच्या पिठाने भरलेले. सगळ्यांच्या भाकरी त्या करत होत्या, त्यामुळे स्वतःला तपासायला त्यांना सवडच मिळाली नव्हती.

"मालेबी तसंच व्हयनं व्हतं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. त्यांनाही असंच झालं होतं?

"कितला तरी दिन माले मांगताच ये नही. तुना सासरा व्हता तवय. तो मनाकरता मांगे. मनं काम नुसतं आमेन म्हनानं."

देवाकडे मागणं सासऱ्यांनी करायचं, यांनी नुसतं आमेन म्हणायचं. एवढंच. त्यांच्या बोलण्यात ना लाज ना उपदेश. मला वर्षानुवर्षं वाटत होतं की या बाईचे गीताच्या वेळी नुसते ओठ हलतात; आत काय असेल ते मी कधी विचारलंच नव्हतं. मग त्या उपदेशकांकडे वळल्या. "साहेब, तुमन्या सतरंज्या आते जेवाले लागतीन. भाकरी थंड्या व्हई जातीन."

उपदेशक इतके मोकळे हसले की त्यांचीही सुटका झाली असावी. सतरंज्या ओढून एका रांगेत लावल्या. दूध कुठली आणि भाकरी कुठली, कुणाला आठवेना, आणि जो तो मिळेल तिथे बसला. मी नेहमीप्रमाणे ताटं घ्यायला आत वळले, तर सासूबाईंनी पिठाच्या हातानेच माझं मनगट धरलं.

"तू बठ. आज मी वाढस."

"आई, पुरुषमंडळी अजून..."

"बठ म्हनतस ना."

मी बसले. लग्नानंतर पहिल्यांदाच पहिल्या पंगतीला, मंडळीच्या वडिलांच्या शेजारी, पहिलं ताट माझ्यापुढे. गरम भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत. सगळे थांबले, कारण आभार मानायचं काम माझं. मी मान खाली घातली आणि गप्प राहिले. आता कुणी काही म्हणेल अशी भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही. छातीवरचं ओझं कुणीतरी उचलून खाली ठेवलं होतं.

मग माझ्या डोक्यावरून सासूबाईंचा आवाज आला. हातात भाकऱ्यांची टोपली घेऊन, उभ्या उभ्या, आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांसमोर.

"देवा, ही पोर कितला दिननी भुकेली शे. हिले जेवू घाल."

त्या थांबल्या. पुढचं काम माझं होतं. मी आमेन म्हणाले, आणि पोटभर जेवले.