मोजणीबाईची अडाणी श्रोती

माझ्या धाकट्या जावेला तिच्या कॉलेजात मोजणीबाई म्हणतात. घरबसल्या मोबाइलवर पदवीचे वर्ग चालतात ना, त्यांतून मुलं खरंच किती शिकली हे ती मोजते. खोटं कशाला लिहू, मला तिचा हेवा वाटतो. ती घरात आली की सासरे वर्तमानपत्र बाजूला ठेवून विचारतात, "काय म्हणतंय तुमचं कॉलेज?" माझ्या घरकामाबद्दल असं कधी कुणी विचारलेलं नाही.

यंदा तिची नोकरी कायम व्हायची की संपायची, हे तिच्या अहवालावर होतं. प्राचार्यांना आकडे छान हवे होते, आणि स्क्रीनवर ते छानच होते. जवळजवळ प्रत्येक मुलाच्या नावापुढे 'धडा पूर्ण पाहिला' अशी हिरवी खूण. तेवढं उतरवून दिलं असतं तरी भागलं असतं. पण ही कसली ऐकते!

"वहिनी, पाहिला म्हणजे शिकला का? आमचे हे नाहीत का, कंपनीचं प्रशिक्षण लावून देतात आणि खुशाल घोरतात. त्यांच्याही नावापुढे हिरवी खूण!"

म्हणून तिने स्वतःची रीत काढली. मुलांना फोन लावायचा आणि तो धडा एखाद्या अडाणी माणसाला समजावून सांगायला लावायचा. त्या माणसाला कळला, तर मूल शिकलं.

"वहिनी, तुमच्यासारखं दुसरं कुणी मिळायचं नाही मला," ती म्हणाली.

मी फुलले. मग अडाणी माणूस कोण ते ध्यानात आलं आणि अंगाचा तिळपापड झाला. तरी बसले. तिच्या कामात कोपऱ्यात का होईना, जागा तर मिळत होती.

धडा संख्याशास्त्राचा, 'मध्यक' नावाचा. पहिल्या मुलाने व्याख्या घडाघडा म्हणून टाकली. दुसरा म्हणाला, "मावशी, नेट गेलं होतं हो." मग एक मुलगी म्हणाली, "मावशी, घरातले सगळे उंचीप्रमाणे ओळीत उभे करा. बरोबर मधे येईल त्याची उंची म्हणजे मध्यक. टोकाचा कितीही ताडमाड असू दे, मधला हलत नाही." मला लख्ख कळलं!

तिथेच घोळ झाला. पुढची मुलं काहीबाही बरळली तरी मला कळायचं, कारण मला ते आता येत होतं. मी "समजलं, समजलं" म्हणत गेले आणि जाऊ त्यांना पास करत गेली. संध्याकाळी जपाला बसल्यावर हे डोक्यात आलं. अहवाल असाच गेला आणि परीक्षेत तीच मुलं आपटली, की हिचं नाक कापलं जाणार. देवासमोर बसून मला ते कापलेलं नाक दिसत होतं, आणि वाईट वाटत नव्हतं. पण जपही पुढे सरकेना. शेवटी माळ खाली ठेवून तिच्या खोलीत गेले आणि सांगितलं.

ती हसत सुटली. "अगं बाई! म्हणजे तुम्हीच शिकलात की वहिनी! आता तुमचा काही उपयोग नाही मला."

त्या मुलीनंतरचे सगळे निकाल तिने रद्द केले आणि माझ्या खुर्चीवर सासूबाईंना बसवलं. "आई फोन ठेवला की सगळं विसरतात. अगदी हव्या तशा आहेत!"

"अरे, पण मी का उभी राहू ओळीत?" सासूबाई फोनवर भांडत होत्या. "माझे गुडघे दुखतात." मी स्वयंपाकघरात उत्तर गिळून उभी.

अहवालात निघालं, की निम्म्याहून जास्त मुलांना धडा पाहूनही कळलेला नाही. प्राचार्य तापले, कायम करायचं लांबणीवर टाकलं. मग परीक्षा झाली. नेमकी तीच मुलं अडली, आणि आज तिच्या हातात कायम झाल्याचं पत्र पडलं.

"हे सगळं आईंमुळे," तिने जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलं. आपण काय केलं ते सासूबाईंना आठवतही नव्हतं, तरी त्यांनी ऐटीत मान डोलावली.

जावेची नोकरी टिकली म्हणून देवाला नमस्कार केला, मनापासून केला. सासूबाईंवरचा हा नवा जळफळाट तेवढा कमी कर, असंही मागितलं. अजून काही कमी झालेला नाही.