आतून न पाहिलेला घुमट

नवऱ्याला मी समोर अहो-जाहो करते. इथे लिहिताना मात्र अरे-तुरे करणार आहे, कारण या आठवणीत त्याला मान देणं माझ्या जिवावर येतं.

नव्वदच्या दशकात आम्ही बहरीनला होतो. तो अदलियातल्या एका कन्सल्टंटच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आणि मी नागपूरहून आर्किटेक्ट होऊन आलेली त्याची बायको. माझ्या व्हिसावर 'हाउसवाइफ' असा शिक्का होता. त्या शिक्क्यावर नोकरी करता येत नसे. नागपूरला आमच्या वस्तीतली मी पहिली आर्किटेक्ट, त्यामुळे निकाल लागला तेव्हा विहारात माझा सत्कार झाला होता. आमच्या लोकांत रीतच आहे ती. कुणी शिकलं, कुणी मोठा प्रवास करून आलं की त्याला पुढे बसवायचं, शाल द्यायची आणि चार शब्द बोलायला लावायचं. ती शाल मी बहरीनला इस्त्री करताना टेबलावर अंथरत असे.

तिथल्या जनाबिया भागात तेव्हा व्हिलांमागून व्हिला उठत होते आणि प्रत्येकाला घर 'इटालियन' पाहिजे होतं. म्हणजे दारात जाडजूड खांब, वर कमानी, गच्चीला गोल पोटाचे कठडे. नवऱ्याची रेघ सुंदर होती, पण कुठे काय शोभतं हे त्याला कधी कळलं नाही. म्हणून तो कागदाची गुंडाळी घरी आणायचा. जेवणं आटोपली की मी टेबल पुसून दर्शनी बाजू काढायला बसायची आणि सकाळी ती त्याच्या नावाने ऑफिसात जायची. मला याचं वाईट वाटत नसे. हात चालू राहतोय, तेवढं मला पुष्कळ होतं.

एकदा तो हसत घरी आला. ऑफिसचे मालक त्याच्या कामावर खूश होते. रोमला एक अभ्यासदौरा निघणार होता. कुणी इटालियन प्रोफेसरबाई आठवडाभर फक्त बरोक काळातल्या, म्हणजे सतराव्या शतकाच्या आसपासच्या, इमारती दाखवणार होत्या, आणि ड्रॉइंग-रूममधून एकाला पाठवायचं म्हणून मालकांनी त्याचं नाव दिलं होतं.

बरोक म्हटलं की मला एकच गोष्ट आठवते. कॉलेजात आमच्या सरांकडे रोममधल्या एका चौकातल्या चिमुकल्या चर्चची स्लाइड होती. आत लंबगोल घुमट. त्याच्या पोटात क्रूस, षट्कोन, अष्टकोन एकमेकांत बसवलेले, आणि वर जावं तसे ते लहान लहान होत जातात. त्यामुळे बुटका घुमट उंच भासतो. खिडक्या पायथ्याशी लपवलेल्या, म्हणून उजेड कुठून येतो ते कळत नाही. सरांनी तो परीक्षेत काढायला दिला होता. तेव्हापासून मला त्याच्याखाली उभं राहून वर बघायचं होतं. ती जादू खरंच डोळ्यांवर चालते का, एवढंच बघायचं होतं. दुसरं काही मी आयुष्यात इतक्या हट्टाने मागितलेलं नाही.

मी म्हटलं, मालकांना विचारा, मीही येते, आपल्या खर्चाने. त्याने विचारलं. मालक मायेने म्हणाले म्हणे, "मॅडमना पुढच्या वेळी, इंशाल्ला. रोममध्ये शॉपिंग छान आहे." हे सांगताना नवरा हसला. त्याला तो विनोद वाटला होता. मी पोळ्या लाटत होते, लाटत राहिले.

मग मी त्यालाच शिकवायला घेतलं. रोज जेवताना एकेक इमारत. कुठे भिंत आत जाते, कुठे बाहेर येते, कारंज्यासमोर कुठे उभं राहायचं. तो मान डोलवायचा आणि वरण मागायचा. जाण्याआधी मी त्याला बजावलं, बाकी काही नाही पाहिलं तरी चालेल, पण त्या लहान चर्चच्या बरोबर मध्यभागी उभे राहा, हँडीकॅम वर करा आणि सावकाश फिरवा. तो म्हणाला, "हो न, किती वेळा सांगशील?"

तो परत आला तेव्हा मी सामान उघडायच्या आधी हँडीकॅम टीव्हीला जोडून कॅसेट लावली. बस, बसमधली माणसं, हॉटेलचा नाश्ता, मोठं कारंजं. मग तो चौक आला. मी ओळखला. दर्शनी भिंत लाटेसारखी वळलेली, समोरून एक बस गेली. प्रोफेसरबाई छत्री उंच धरून दाराशी गेल्या आणि सगळी मंडळी त्यांच्यामागे अंधारात शिरली. दार उघडंच होतं. मी खुर्ची पुढे ओढली. तेवढ्यात कॅमेरा खाली आला आणि पडद्यावर नवऱ्याचे नवे बूट दिसले. बूट, फरशी, पुन्हा बूट. नंतर दुसरंच कारंजं.

मी कॅसेट मागे नेऊन पुन्हा पाहिली. मग विचारलं, "अहो, आत काहून नाही गेले तुम्ही?"

"पाय दुखून राहिले होते ग. नवे बूट चावत होते," तो म्हणाला. "लहानसंच तर होतं ते. आणि तुला तर आतलं सगळं माहीतच आहे न."

मी भांडले नाही. भांडायला, आपण काहीतरी हिरावून घेतलंय हे समोरच्याला निदान कळावं लागतं. त्याला कळलंच नव्हतं, आणि कधी कळणारही नाही, हे त्या दिवशी मला समजलं. माझ्या आत काहीतरी विझलं ते तेव्हाच.

पुढे बुद्धपौर्णिमा आली. बुदैयाच्या रस्त्यावर एका बागेत, खजुरांमध्ये टेबलफॅन लावून आमची मंडळी जमली होती. वंदना झाली, खीर झाली, आणि रीतीप्रमाणे रोमहून आलेल्याचा सत्कार ठरला होताच. भाषण मीच लिहून दिलं होतं. नसतं दिलं तर चारचौघांत फजिती झाली असती, आणि असल्या फजितीत बायको सुटत नाही. त्याने शाल घेतली आणि वाचलं. क्रूस, षट्कोन, अष्टकोन, लपलेल्या खिडक्या. चांगलं वाचलं त्याने. बायकांच्या रांगेत बसून मी माझीच वाक्यं ऐकत होते. शेजारची वहिनी माझ्या कानाशी म्हणाली, "भाऊजींनी किती बारीक पाहिलं न."

टाळ्या थांबल्यावर कार्यक्रमाच्या अध्यक्षांनी विचारलं, "सर, एक सांगा. त्या घुमटाखाली उभं राहून वर पाहिलं, तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

हे भाषणात नव्हतं. मीच लिहिलं नव्हतं, कारण मला ठाऊक नव्हतं. नवरा गोंधळला, शाल सावरत त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हिला विचारा. घरी आल्यावर मी सगळं हिलाच सांगितलं."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी उठून उभी राहिले. "मला काय माहीत," मी म्हटलं, "मला कुठे नेलं होतं."

 मग अध्यक्ष मोठ्याने हसले. "सर, वहिनींना पुढच्या वेळी न्याच हं, इंशाल्ला." सगळे हसले. नवराही हसला, सुटल्यासारखा. पुन्हा टाळ्या पडल्या आणि मी खाली बसले.

पुढची वेळ आली नाही. जनाबियातले खांब मी त्यानंतरही काढत राहिले, कारण काढणं थांबवून करायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. जेवणाचं टेबल होतं ते, ड्रॉइंगसाठी फार ठेंगणं. आम्ही नागपूरला परतलो तोवर त्याच्यावर वाकून वाकून माझी मान कायमची गेली होती. आता लेक म्हणते, आई, चल, मी नेते तुला रोमला. तिला मी हो म्हणते. डॉक्टरांनी मानेला पट्टा दिलाय आणि एकच पथ्य सांगितलंय, वर बघायचं नाही.