उशिरा येणाऱ्याची भाकरी

आईचा न्यूमोनिया बरा झाला, ताप उतरला आणि मग तिने अन्नच सोडलं. कायझर्सलाउटर्नच्या हॉस्पिटलात सूप यायचं, दही यायचं आणि तसंच परत जायचं. मी चिडायचे, हातापाया पडायचे, पुन्हा चिडायचे. डॉक्टर म्हणाले, गिळण्यात काही दोष नाही, पण सोमवारपर्यंत असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. आई नळीचं नाव काढू देईना. नातवाला बघायला ये म्हणून मीच हट्टाने तिला जर्मनीत आणलं होतं, आणि आता ती इथेच जाणार असं मला दिसायला लागलं होतं. प्रार्थना तर मी केव्हाच सोडली होती. त्या आठवड्यात कोणी देवाचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरायचं.

शुक्रवारी तिने एकच मागितलं, "बिशपबाबांच्या कबरीवर माझ्या नावची मेणबत्ती लाव." हे बिशपबाबा म्हणजे आमच्या घरचं दैवत. इंग्रजांच्या काळात नगर जिल्ह्यात आलेले जर्मन मिशनरी. घोड्यावरून गावोगाव हिंडले, आपली भाषा शिकले, पुढे बिशप झाले, आणि महायुद्ध पेटल्यावर इंग्रजांनी शत्रू ठरवून त्यांना परत धाडलं. दुष्काळात आईबाप गेलेली माझी आजी लहानपणी त्यांच्या फाटकाशी पोचली तेव्हा जेवण संपलं होतं. त्यांनी आपल्या ताटातली भाकरी तिला दिली आणि त्या दिवसापासून पहिली भाकरी उशिरा येणाऱ्यासाठी बाजूला ठेवायचा नियम घातला. आजीने तो जन्मभर पाळला. मला मात्र ही गोष्ट नकोशी व्हायची. 'भाकरीसाठी बाटलेले' हे शाळेत ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

त्यांचं मूळ गाव आमच्यापासून फार लांब नव्हतं. शनिवारी मुलाला नवऱ्याच्या हवाली करून मी बस पकडली. भक्तीने नाही, भांडायला गेले म्हणा. दफनभूमी लहानशी, फुलांनी भरलेली. सगळे दगड वाचून झाले तरी त्यांची कबर सापडेना. झारीने पाणी घालणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंना विचारलं, तर त्यांनी हिरवळीचा एक तुकडा दाखवला. "इथे होती. इथे कबरीची जागा ठरावीक वर्षांसाठी भाड्याने असते. मुदत संपली, पुढचं भाडं भरायला घरचं कोणी उरलं नव्हतं, मग जागा मोकळी केली." तीन पिढ्या आम्ही ज्यांच्या नावाने दिवा लावला, त्यांच्या स्वतःच्या गावात त्यांचा दगडसुद्धा शिल्लक नव्हता. आता आईला काय सांगू? मेणबत्ती हातात धरून मी तिथेच ढसाढसा रडले, आणि रडता रडता एवढंच सांगितलं की आई हॉस्पिटलात आहे, जेवत नाही.

बाईंनी झारी खाली ठेवली. "बरं तर, चल माझ्याकडे," म्हणाल्या. वाटेत कळलं की बिशप परत आल्यावर बाईंची आई त्यांच्याकडे स्वयंपाकाला होती. घरी पोचल्यावर त्यांनी राय नावाच्या तिथल्या धान्याच्या पिठात कढत पाणी ओतलं, पीठ मळलं, गोळा तळहातांवर थापून तव्यावर टाकला आणि वरून पाण्याचा हात फिरवला. जर्मन बाई, जर्मन चूल आणि हात मात्र थेट माझ्या आजीचा. भाकरी उतरवून त्यांनी फडक्यात गुंडाळली आणि बाजूला ठेवली. "पहिली आपली नसते," त्या म्हणाल्या. "आईला ही करायला बिशपांनीच शिकवलं, आणि त्यांची ताकीद होती. उशिरा येईल त्याची. आई गेल्यापासून दर शनिवारी मी करते. कोणी येत नाही, मग कोंबड्यांना घालते."

आजीची गोष्ट मी त्यांना सांगितलेलीच नव्हती. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि ते फडकं माझ्या हातात ठेवलं. "आज कोंबड्या राहू देत."

संध्याकाळी कोमट दुधात भाकरी कुस्करून मी आईसमोर धरली. वासाने तिने डोळे उघडले. "कुणी थापली गं?" मी सगळं सांगितलं, कबर नाही हेसुद्धा. मला वाटलं ती खचेल. तिने वाटी हाताने माझ्याकडे लोटली.

"म्हंजे उशीर झाला व्हय तुला?" ती म्हणाली. "मग तुझीच भाकरी ती. आधी तू खा."

मी एक घास खाल्ला. मग तिने तोंड उघडलं.

नळी लागली नाही. आई उभी राहिल्यावर आम्ही दोघींनी जाऊन त्या हिरवळीवर मेणबत्ती लावली. याला चमत्कार म्हणायचं की नाही, मला ठाऊक नाही, आणि त्यावर वाद घालायची इच्छाही उरलेली नाही. भांडायला गेलेल्या बाईसाठी कोणीतरी किती तरी वर्षं दर शनिवारी चूल पेटवत होतं, एवढं मला पुरतं. ज्या शब्दाची मला लाज वाटायची, तो आता मीच म्हणते. हो, आम्ही भाकरीसाठीच आलो. भुकेले होतो, त्यांनी दिली, आम्ही घेतली. प्रभूचे उपकार, की माझेही हात शेवटी पुढे झाले.