पंधरावा नमुना

प्रयोगशाळेत तिचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कुणी वापरत नसे. सगळे तिला शंभरताई म्हणायचे, आणि त्यात अर्धी चेष्टा होती, अर्धा आदर. चेष्टा अशासाठी, की बाईला शंभर या आकड्याचं वेड होतं. आदर अशासाठी, की तेवीस वर्षांत तिचा एकही कागद वरून परत आला नव्हता.

काम ऐकायला सोपं. गावापलीकडे खाण. त्या खाणीतून तपकिरी, पापुद्र्यापापुद्र्यांचा दगड निघायचा आणि त्या दगडाच्या पोटात तेल. तेल म्हणजे बादली सोडून उपसावं असं नव्हे. दगड कुटायचा, बंद भांड्यात पाचशे अंशांपर्यंत भाजायचा, मग कुठे त्याची वाफ निघते आणि ती थंड झाली की तेल ठिबकतं. कारखाना हा उद्योग हजारो टनांनी करायचा, ताई शंभर ग्रॅमनं. शंभर ग्रॅम चुरा भांड्यात, भांडं भट्टीत, पुढे काचेची नळी. शेवटी तेल किती, पाणी किती, गॅस किती, उरला दगड किती हे सगळं मोजायचं, आणि बेरीज शंभर आलीच पाहिजे. साडेनव्व्याण्णव आली, की ताई पुन्हा पहिल्यापासून.

"अहो ताई, अर्धा ग्रॅम काय कुणी खिशात घालून नेलाय?" असं कुणी म्हणालं की ती मान वर न करता सांगायची, "अर्धा ग्रॅम इथं चुकला तर तिकडं डोंगर चुकतो."

चांगल्या दगडातून दहा ग्रॅम तेल निघे. उरलेल्याचं काय करायचं, हे मात्र कुणाला धड ठाऊक नव्हतं. भाजलेला दगड फुगतो, त्यामुळे ज्या खड्ड्यातून काढला त्यात तो परत मावत नाही. मग त्याचा ढीग. ढीग वाढत वाढत शाळेच्या इमारतीच्या वर गेला होता, आतून धुमसत असायचा, आणि वारा गावाकडे फिरला की दोरीवरचे पांढरे कपडे राखाडी होऊन घरात यायचे. खाण कोरडी राहावी म्हणून दिवसरात्र पंप चालायचे, आणि खाणीतलं पाणी उपसता उपसता आसपासच्या विहिरींनी तळ गाठला होता. गावाला हे दिसत नव्हतं असं नाही. पण घरोघरची चूल त्याच खाणीवर पेटत होती, त्यामुळे सगळे मूग गिळून गप्प. ताईसुद्धा. उगाच तिला संत करण्यात अर्थ नाही.

आता दादाबद्दल सांगायलाच हवं, कारण दादाशिवाय ताई सांगताच येत नाही. वडलांचा पाय खाणीत गेला तेव्हा दादा सोळा वर्षांचा होता आणि ही दहाची. दादानं शाळा सोडली आणि दगडाला भोकं पाडणाऱ्या यंत्रावर जाऊन उभा राहिला. ही शिकली. पुढे विज्ञानाच्या कॉलेजात गेली, तेव्हा वसतिगृहाच्या दारात ट्रंक उतरवून दादा म्हणाला होता, "शहाणे, नापास झालीस तर घरी येऊ नकोस. पास झालीस तर मात्र पत्र टाक, म्हणजे मी शेजाऱ्यांना त्रास देईन." ती पास झाली आणि दादानं शेजाऱ्यांना खरोखरच त्रास दिला.

पांढरा कोट अंगावर चढवताना ताईला रोज दादा आठवायचा. रोज म्हणजे रोज. बटणं लावता लावता ती मनात म्हणायची, हे तुझं आहे रे बाबा. हे तिनं त्याला कधी बोलून दाखवलं नाही. बोललं असतं तर त्यानं टिंगल केली असती.

आता दादा सत्तावन्न वर्षांचा, ड्रिलिंगच्या टोळीचा मुकादम, निवृत्तीला एक वर्ष उरलेलं. आणि जुनी खाण संपत आलेली. कंपनीचा डोळा उत्तरेच्या डोंगरावर गेला होता. दादाच्या टोळीनं तिथं खोलवर भोकं पाडली, दगडाच्या लांब कांड्या बाहेर काढल्या, त्या लाकडी पेट्यांत ओळीनं लावून ताईकडे पाठवल्या. हिशेब सरळ होता. शंभरात आठ ग्रॅमच्या वर तेल आलं तर डोंगर फोडायचा. खाली आलं तर दगड तापवण्यातच एवढं इंधन जाईल, की हाती काही उरणार नाही.

पहिल्या नमुन्यात नऊ आलं. दुसऱ्यात सव्वानऊ. बेरीज शंभर, चोख. चौदा नमुने झाले, चौदा कागदांवर ताईची सही झाली, कागद मुख्य कार्यालयात गेले, आणि गाव हुरळून गेलं. दुकानदारानं दुकानाला रंग काढला. दादा तर जमिनीपासून चार बोटं वर चालत होता. "माझ्या डोंगरानं गावाला आणखी तीस वर्षं दिली," असं तो येता-जाता सांगायचा, जणू डोंगर त्यानंच बांधला होता.

पंधराव्या नमुन्याच्या दिवशी नळाला पाणी आलं नाही. पाणी नाही म्हणून चहा नाही. एरवी भट्टी लावली, की पहिली वीस मिनिटं ताई चहाला जायची. दगड साडेतीनशे अंशांपर्यंत तापेपर्यंत काही घडतच नाही, तिथं बसून करायचं काय? त्या दिवशी ती चहावाचून चडफडत नळीसमोर बसून राहिली. आणि तापमापी दोनशे दहा दाखवत असताना नळीत थेंब पडला.

ताईला आधी वाटलं, पाणी असेल. दुसरा थेंब पडला, तिसरा पडला. पिवळसर, स्वच्छ. दगडाचं तेल काळपट असतं आणि त्याला असा उग्र वास असतो, की नवरा अजून तिला आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात येऊ देत नाही. तिनं नळी नाकाशी नेली. हा वास ट्रकचा होता.

डिझेल.

बेरीज शंभर येत होती हे खरं, पण बेरजेला काय, डिझेलही चालतं, आणि मागून येणाऱ्या काळ्या तेलात ते दिसेनासं होतं. ज्या शंभरावर ती तेवीस वर्षं विसंबली, त्यानंच तिला दगा दिला होता. नाही, दगा कसला? चहाला ती गेली होती, शंभर नव्हे.

डिझेल कुठून आलं असेल, हे विचारायला ती संध्याकाळी दादाच्या घरी गेली. वहिनी बादलीतलं पाणी मापानं पिंपात ओतत होती. दादा व्हरांड्यात बूट काढत होता.

"दादा, कांड्यांवरचा चिखल कशानं धुता रे तुम्ही?"

"डिझेलनं. पिंपात टाकून ठेवतो रात्रभर, सकाळी लखलखीत."

"पाण्यानं का नाही? नियम पाण्याचा आहे ना?"

दादानं तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिनं दूध का सांडलं नाहीस असं विचारलं होतं. "पाणी? अगं, खालच्या वस्तीतल्या विहिरी आटल्यात. आम्हाला रोज एक टँकर मिळतो. तो मी दगड धुण्यात घालवू? पोरंबाळं हंडे घेऊन उभी असतात तिथं. अर्धा टँकर वस्तीला सोडतो आणि अर्धा यंत्राला. डिझेल काय, हवं तेवढं आहे."

बोलता बोलता दादाचा हात बुटावर थांबला. चाळीस वर्षं दगडात काढलेला माणूस तो, त्याला जास्त सांगावं लागलं नाही.

"किती?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही. पुन्हा करावं लागेल. पण तीन-साडेतीन ग्रॅम तरी डिझेलच असणार."

"म्हणजे आठाच्या खाली."

"हो."

वहिनीच्या हातातलं माप तसंच राहिलं. तिला काय चाललंय ते नीट कळलं नव्हतं, पण नवऱ्याचा चेहरा कळला होता.

"तू सांगणार," दादा म्हणाला. हा प्रश्न नव्हता.

"दादा, चौदा कागदांवर माझी सही आहे."

"सहीचं सोड. गावाचं काय? माझं काय? एक वर्ष राहिलंय माझं, शहाणे."

पहिल्यांदाच त्या शब्दात चेष्टा नव्हती. ताई घरी आली आणि न जेवता बसून राहिली. ज्याच्या जिवावर शिकले, त्याचंच पितळ त्या शिक्षणानं उघडं पाडायचं? गप्प बसलं तर कुणाला कळणारही नव्हतं. कळलं असतं ते डोंगर फुटल्यावर, पायथ्याचा झरा आटल्यावर, आणखी एक ढीग उभा राहिल्यावर. त्या भागात वाहतं पाणी म्हणून तो एक झराच तेवढा उरला होता.

सकाळी तिनं कोट घातला. बटणं लावताना रोजच्यासारखं काही म्हणता आलं नाही. ती थेट साहेबांच्या खोलीत गेली आणि सांगितलं, नमुने डिझेलनं धुतलेले आहेत, चौदा कागद चुकीचे आहेत, पहिल्या थेंबांकडे मी पाहिलं नाही ही माझी चूक.

साहेबांचा चेहरा उतरला. "धुतले कुणी?"

ताईचा हात कोटाच्या बटणावर गेला. तोच दार उघडलं. दादा होता, हातात टोपी, बुटाला कालचाच चिखल.

"मी धुतले," तो म्हणाला. ताईकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

नव्या कांड्या काढल्या, कोरड्या ब्रशनं साफ केल्या. साडेपाच आलं. पुन्हा साडेपाच. डोंगराचा विषय बंद झाला. साहेब भला माणूस. त्यांनी दोघांचीही नोकरी राखली, त्याबद्दल ताई अजून त्यांचे उपकार मानते. पण दादाची मुकादमी गेली. जुनी खाण संपेपर्यंत त्याला टँकरवर घातलं. गावानं ताईला ऐकवायचं ते ऐकवलं. दुकानदार सुटे पैसे हातात न देता फळीवर टाकू लागला. हे सगळं तिनं सोसलं. सोसवत नव्हतं ते एकच: दादा बोलेना. एक आठवडा, दोन, तीन. ती त्याच्या घरी गेली की तो परसात निघून जायचा. वहिनी म्हणायची, "येतील हो, जरा दम धरा," आणि स्वतःच डोळे पुसायची.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी प्रयोगशाळेच्या फाटकाबाहेर टँकर येऊन थांबला आणि हॉर्न वाजत राहिला. ताई बाहेर गेली.

"बस," दादा म्हणाला.

"कामावर आहे मी."

"सांगून आलोय साहेबांना. बस म्हटलं ना."

टँकर डोंगराच्या पायथ्याशी गेला, झऱ्याच्या कुंडाला पाइप लागला, टाकी भरली, आणि मग ते खालच्या वस्तीत आले. हंडे, डबे, प्लॅस्टिकच्या घागरी रांगेत मांडलेल्या. लोक दादाला ओळखत होते. एका म्हातारीनं त्याचा दंड धरला आणि म्हणाली, "लेकरा, तू येतोस म्हणून जगतो आम्ही. देव तुझं भलं करो."

"मला नका म्हणू, आजी," दादा म्हणाला, आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात पुढे म्हणाला, "मी तर हा झरा घालवायला निघालो होतो. हिनं राखला. ही माझी बहीण."

म्हातारीनं ताईच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. ताईला इतकी वर्षं साठवलेलं सगळं एकदम बोलायचं होतं, वसतिगृहापासूनचं, कोटाच्या बटणांचं, आणि तोंडातून फक्त "दादा" एवढंच आलं. ती ओक्साबोक्शी रडू लागली.

"पुरे," दादा म्हणाला. त्याचाही आवाज काही ठीक नव्हता. "पाणी वाया चाललंय. पाइप धर."

तिनं डोळे पुसले आणि पाइप धरला.