नवस मोडला तो दिवस

माझी भक्ती फार तोंडाळ, हे आधीच कबूल करते. भिवंडीजवळच्या वळ गावात आमच्या घरी नवरात्रात घट बसतो आणि त्याचा मला भारी तोरा. सुनेच्या तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी बघून सांगितलं, की आधीच्या दोन सिझेरियनच्या टाक्यांवर बाळाची वार रुतून बसलीय. सोडवताना रक्त फार जाईल, कदाचित गर्भपिशवी काढावी लागेल, रक्त देणारी माणसं तयार ठेवा. दोन नातींवर नातू हवा, हा हट्ट माझाच. भीतीपेक्षा अपराधीपणच जास्त वाटलं. पण बोलून दाखवीन तर शपथ! घरी येऊन देवीला नवस बोलले: सून सुखरूप सुटू दे, येत्या नवरात्रात माझ्याबरोबर भावकीतले सगळे बाप्येही नऊ दिवस, दिवसभर पोटात काही न घालता, निरंकार उपास धरतील. झालं, मला वाटलं, देवीला शब्दात बांधली.

ऑपरेशन दसऱ्यानंतर ठरलं होतं. पण आठव्या माळेला दुपारी तिच्या अंगावरून रक्त जायला लागलं. भिवंडीच्या हॉस्पिटलात पोचेस्तोवर जीपची सीट भिजली होती. तिला आत नेलं, थोड्या वेळानं बाळ रडल्याचं ऐकू आलं, मुलगी झाली म्हणाले. मग डॉक्टरीणबाई धावत बाहेर आल्या. वार मूत्राशयापर्यंत शिरली होती, सोडवताना मूत्राशय फाटलं होतं, रक्त थांबत नव्हतं. गर्भपिशवी काढायची, सही करा. मुलगा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी म्हटलं, "अरे कर सही! काढा बाई, काय काढायचं ते काढा, पण माझी पोर मला द्या."

साठवलेलं रक्त संपत आलं होतं. भावकीतले पाच जण तिच्याच रक्तगटाचे, ते खाली रक्तपेढीत गेले आणि माना खाली घालून परत आले. धाकटे दीर म्हणाले, "वयनी, उपाशी मानसाचं रगत घेत न्हाय. आधी खाऊन या सांगतान." सगळे माझ्याकडे बघायला लागले. नवस माझा, माझ्या शब्दाशिवाय कोण खाणार? नवस मोडला आणि ती गेली तर? पाळला आणि गेली तर? इतकी मी आयुष्यात कधी घाबरले नव्हते.

समोरच्या बाकावर यंत्रमागावर काम करणारा एक लूमवाला बसला होता, केसात कापूस अडकलेला. त्याची बायको वॉर्डात होती. त्या वर्षी रमजानही नवरात्रातच आला होता. त्यानं मुलाला रक्तगट विचारला, म्हणाला, "मेरा भी यही है, चलो," आणि पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढून फोडला. मी म्हटलं, "बाबा, तेरा रोजा है ना?"

"रोजा ईद के बाद रख लूँगा, अम्मा. ऊपरवाले को मालूम है मैं किसलिए खा रहा हूँ."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याचा भरवसा होता, माझा नुसता सौदा होता. त्याच्याच पुड्यातलं बिस्किट उचलून मी तोंडात घातलं. "खा रे सगळ्यांनी!" मी ओरडले. "देवी कोपली तर माझ्यावर कोपेल." बाहेरच्या गाडीवरचे वडापाव त्यांनी रडत रडत खाल्ले आणि त्याच्याबरोबर रक्त द्यायला गेले.

पुढचे तीन तास काही मागायला तोंडच उरलं नव्हतं. "आई, तुझी लेक तू बघ," एवढंच देवीला म्हणत बसले. रक्त थांबल्याचा निरोप आला तेव्हा संध्याकाळची, मगरिबची अजान चालू होती. गर्भपिशवी गेली, मूत्राशयाला टाके पडले, पुढं तीन आठवडे लघवीची नळी ठेवावी लागली. पण पोर वाचली. त्या माणसाचं नावही विचारायचं राहिलं. घरचे म्हणतात, देवीच आली त्याच्या रूपात. मी वाद घालत नाही. कुणी का पाठवला असेना, तो आला, एवढं मला पुरे.

तिसऱ्या दिवशी सून नीट बोलायला लागली. मला जवळ बोलावून हळूच म्हणाली, "आई, परत मुलगीच झाली. आता पुढं काय होनार न्हाय. माझ्यावर रागावू नका."

मी पलंगाच्या पायथ्याशी गेले आणि तिच्या पावलांवर डोकं ठेवलं.